प्रिंटमधून प्रॉडक्ट डिझाइनकडे (ॲप, वेबसाइटच्या डिझाइनकडे) वळताना पोर्टफोलिओत नेमकं काय ठेवायचं?

कोल्हापुरी_लेआउट

शिक्षण जी. डी. आर्ट (कलेचा डिप्लोमा), काम ऑफसेट प्रेसमध्ये: पत्रिका, कॅटलॉग, पॅकेजिंग. कोरलड्रॉ आणि श्रीलिपीवर हात बसलेला आहे, ॲपचे स्क्रीन काढायचं फिगमाही शिकून घेतलं. पोर्टफोलिओत दोन नावाजलेल्या ॲपचं रीडिझाइन आहे, एक जेवण मागवायचं आणि एक पैसे पाठवायचं. मुलाखतीत शेरा एकच: ‘व्हिज्युअल छान, प्रॉडक्ट थिंकिंग दिसत नाही.’ ते दाखवायचं म्हणजे पानावर काय ठेवायचं? प्रिंटचा अनुभव लपवावा का? आणि एम. डेस. (डिझाइनची पदव्युत्तर पदवी) शिवाय वाट नाही म्हणतात, ते कितपत खरं?

पिक्सेल_पाटील

दोन्ही रीडिझाइन काढून टाका. त्या ॲपमागचे नियम आणि अडचणी बाहेरच्याला माहीत नसतात, त्यामुळे हाती उरतं ते रंग आणि मांडणी बदलणं. यूपीआयचा पिन टाकायचा स्क्रीन एनपीसीआयच्या (यूपीआय चालवणारी संस्था) कॉमन लायब्ररीतून, म्हणजे सगळ्या ॲपना दिलेल्या तयार कोडमधून येतो, ॲपच्या डिझायनरला तो मनासारखा बदलता येत नाही. पोर्टफोलिओत तोच नव्याने रंगवलेला दिसला की बघणारा तिथेच थांबतो.

प्रिंट कशाला लपवता? तुमची केस स्टडी, म्हणजे एक अडचण कशी सोडवली त्याची मांडणी, तिथेच आहे. लग्नपत्रिकेचं प्रूफ (छपाईआधीचा नमुना) मंजूर करून घेणं हा विषय घ्या. आज ते व्हॉट्सॲपवर चालतं. तीन प्रूफ गेलेली असतात, खाली ‘ओके’ येतो, तो कितव्या प्रूफला ते कळत नाही. वडिलांनी होकार दिला की काकांना आठवतं, ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं’खाली एका भाचीचं नाव राहिलंय. तोवर प्लेट निघालेल्या असतात. मजकूर निव्वळ काळ्यात असेल तर एक प्लेट बदलून भागतं. मिश्र रंगात असेल तर त्यात जितक्या शाया तितक्या प्लेट नव्या. हे तुम्हाला पाठ आहे, समोरच्या उमेदवाराला नाही.

स्क्रीन काढण्याआधी अवस्था लिहा: प्रूफ तयार, पाठवलं, उघडलं, दुरुस्ती मागितली, मंजूर, प्लेट काढली, छपाई सुरू. प्रत्येक अवस्थेत कोण काय करू शकतो आणि तिथून पुढे कुठे जाता येतं, ते बाणांनी दाखवा. मग बिघाड. एकाच लिंकवर घरातल्या दोघांनी उलटसुलट उत्तर दिलं तर? ‘मंजूर’ दाबताना रेंज गेली आणि पुन्हा दाबलं तर? प्लेटनंतर बदल आला तर खर्च कोणाला, कधी दाखवायचा?

यातून निर्णय निघतात. मंजुरी एकाच नंबरवरून, बाकीच्यांना फक्त शेरा. नवं प्रूफ गेलं की जुन्यावरचं बटण बंद. मंजुरीआधी नावं, तारीख, वार, मुहूर्त आणि कार्यालयाचा पत्ता एकेक करून मोठ्या अक्षरात समोर आणायचे. सोडून दिलेला पर्यायही कारणासकट ठेवा: ग्राहकाला स्वतः मजकूर बदलू द्यायचा विचार केला, पण नाव लांबलं की जुळणी कोसळते, म्हणून नाही. मुलाखतवाले ज्याला थिंकिंग म्हणतात ते बहुतेक याच पानावर असतं.

चाचणी पाच जणांवर पुरे, त्यात साठीचे दोघं घ्या. ‘दुरुस्तीचं बटण दाबा’ असं सांगू नका. ‘ही पत्रिका तुमच्या घरची आहे, बघून कळवा’ एवढंच म्हणा आणि गप्प बसा. प्रूफात मुद्दाम तारखेला चुकीचा वार घालून ठेवा. किती जण तो न बघता मंजूर करतात, हा तुमचा आकडा.

एवढं खोल काम एक, आणि जोडीला एखादं आटोपशीर. सहा वरवरच्यांपेक्षा हे बरं.

अक्षरजुळारी

प्रिंटवाल्यांचा हात कुठे अडतो, ते सांगतो. कोरलमध्ये प्रत्येक वस्तू हाताने जागेवर बसवायची सवय असते. फिगमात तसं केलं की ‘अनिरुद्ध’च्या जागी ‘चि. सौ. कां. ज्ञानेश्वरी’ आलं की सगळं एकमेकांवर चढतं. ऑटो लेआउट (मजकुराप्रमाणे मांडणी आपोआप सरकवणारी सोय) पहिल्या दिवसापासून लावा: बटणाची रुंदी ‘हग’ (आतल्या मजकुराएवढी), मजकुराची ‘फिल’ (उरलेली जागा भरणारी), उंची बांधलेली शक्यतो नकोच. बांधलेल्या उंचीत वरचा रफार किंवा खालचा उकार कापला जातो. फ्रेम ३६० रुंदीची घ्या, आणि साध्या अँड्रॉइड फोनवर अक्षर सर्वांत मोठं करून एकदा बघाच.

श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर थेट चिकटवला तर कचरा दिसतो. तो कन्व्हर्टरमधून काढून डोळ्यांनी तपासा. ‘सुऱ्या’, ‘ॲप’, ‘ऑक्टोबर’ हे हमखास बिघडणारे शब्द. फॉन्ट मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी. लेटर-स्पेसिंग शून्य. इंग्रजी शीर्षकांसारखी अक्षरं फाकवली तर शिरोरेषा तुटते, आणि मराठी स्क्रीनवर हे अजूनही सर्रास दिसतं! ओळीची उंची मजकुराला दीडपटीच्या वर आणि शीर्षकालाही १.४ च्या आसपास, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. मजकूर १६ च्या खाली नेऊ नका.

सीएमवायके (छपाईच्या चार शायांचं गणित) विसरा. रंग निवडताना कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, मोजा: नेहमीच्या मजकुराला किमान ४.५:१, मोठ्या मजकुराला आणि आयकॉनला ३:१. पत्रिकेतलं सोनेरी अक्षर पांढऱ्यावर इथे बहुधा नापास होतं. बोटाने दाबायची जागा अँड्रॉइडवर ४८ डीपी, ॲपलवर ४४ पॉइंट (दोन्ही स्क्रीनवरच्या मापाची एककं).

सिंहगडरोड

एम. डेस. बद्दल. अट नाही, पण रस्ता बंदही नाही. एम. डेस. च्या प्रवेशाची सीड परीक्षा आयआयटी मुंबई घेते. वयाची अट नाही, कितीही वेळा देता येते, गुण एका वर्षापुरते चालतात. दहावीनंतर पाच वर्षांचा जी. डी. आर्ट आणि किमान एक वर्षाचा कामाचा अनुभव असेल तर पात्र धरतात, त्या वर्षीचं माहितीपत्रक मात्र वाचून घ्या. अभ्यासक्रम दोन वर्षांचा. संशोधन किंवा शिकवण्याकडे जायचं असेल तर जरूर करा; फक्त पहिली नोकरी हवी म्हणून दोन वर्षांचा पगार सोडणं मला पटत नाही.

नोकरी निवडताना पदाच्या नावावर जाऊ नका. ‘यूआय/यूएक्स डिझायनर’ लिहून जाहिरातीत सोशल मीडियाच्या पोस्ट, बॅनर, व्हिडिओ सगळं मागितलं असेल तर ती ग्राफिकचीच जागा आहे. मुलाखतीत दोन गोष्टी विचारा: डिझायनर आणि डेव्हलपर किती, आणि मागचं फीचर बाहेर पडल्यावर काय मोजलं. दुसऱ्याला उत्तर नसेल तर तिथे स्क्रीन बनवून द्यायचं काम आहे. पहिल्या वर्षासाठी तेही चालेल, पण पुढच्या केस स्टडीला लागणारा पुरावा तिथे मिळणार नाही.

पुढच्या पायऱ्या साधारण अशा: ज्युनिअरला फीचर ठरवून दिलेलं असतं, सीनिअरला अडचण दिली जाते आणि काय बनवायचं ते त्याने सुचवायचं असतं. त्यानंतर माणसं सांभाळणारा मॅनेजर किंवा स्वतः काम करणारा प्रिन्सिपल, असे फाटे. दुसरा फाटा छोट्या कंपन्यांत सहसा नसतोच.

कोल्हापुरी_लेआउट

पत्रिकेचा विषय घेतो. पण ॲप काही बनणार नाही, मग परिणामाचे आकडे कुठून आणायचे?

पिक्सेल_पाटील

ॲप लागत नाही. मालकांना विचारून जुन्या वीस ऑर्डरींचे चॅट काढा आणि मोजा: पहिल्या प्रूफापासून मंजुरीपर्यंत किती तास, किती फेऱ्या, प्लेटनंतर किती बदल. मग पुढच्या दहा ऑर्डरींना प्रूफासोबत गूगल फॉर्म पाठवा. प्रूफ क्रमांक, वर सांगितलेल्या पाचही तपशिलांपुढे एकेक ‘तपासलं’, आणि शेवटी मंजूर किंवा दुरुस्ती. तेच तीन आकडे पुन्हा घ्या. दहा ऑर्डरींवर टक्केवारी लिहू नका, ‘दहापैकी तीन’ असंच लिहा. फरक पडला नाही तरी ठेवा, कुठे अडलं ते चॅटमध्ये सापडेल. पत्रिकांवरची खरी नावं आणि फोन नंबर मात्र पोर्टफोलिओत जाण्याआधी बदला.