सेकंडहँड गाडी घेतली, १९ व्या दिवशी इंजिन गरम, डीलर हात वर करतोय

रामबागवाला:
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण वाचा. मी इंदूरचा, गेल्या महिन्यात उज्जैनच्या एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडून २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक घेतली, ३ लाख ४० हजारांना. मीटरवर ५४ हजार किलोमीटर. पठ्ठ्या छातीठोकपणे म्हणाला, डॉक्टर साहेबांची सिंगल ओनर गाडी, इंजिनला पाना लागलेला नाही. १९ व्या दिवशी आईला घेऊन देवासला टेकडीवर दर्शनाला निघालो आणि मांगलियाच्या अलीकडेच टेम्परेचरचा काटा सरळ लालमध्ये. बाजूला घेतली, बॉनेटमधून वाफ, आई म्हणे देवीनेच थांबवलं. टोचन करून घरी आणली. मेकॅनिकने ऑइलचं झाकण काढून आत बोट फिरवलं तर बोटाला दुधावरची साय लागावी तसं काहीतरी. म्हणाला हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाखालचं (हेडखालचं) सील गेलंय, ४५ हजार धरून चला.

डीलरला फोन केला तर "जैसी है वैसी दी थी, टेस्ट ड्राइव तो ली थी आपने". पावतीवर खाली बारीक अक्षरात तसं छापलेलं आहेच, मी न वाचता सही केली, त्याबद्दल घरी ऐकून घेतोय रोज. वर म्हणे मी तर फक्त मधला माणूस, गाडी तर ओनरने विकली. पैसे मात्र सगळे यूपीआयने त्याच्याच फर्मच्या खात्यात गेलेत. काही होऊ शकतं का, की ४५ हजार गेले समजायचे?

पोहे_विथ_जीरावन:
डॉक्टरची गाडी 😂 भिया, आपल्याकडे विकायला आलेली प्रत्येक गाडी डॉक्टरचीच असते, नाहीतर बँक मॅनेजरची.

जुना_मिस्त्री:
आधी एक ऐका, इंजिन खोलू देऊ नका. ज्या दिवशी हेड उतरलं त्या दिवशी तुमचा पुरावा भंगारात गेला, उद्या तोच डीलर म्हणेल तुमच्याच मिस्त्रीने बिघडवलं. आणि नुसत्या झाकणाखालच्या सायीवर जाऊ नका. थंडीत गाडी जवळजवळच फिरत असेल तर वाफेचं पाणी होऊन चांगल्या इंजिनातही तसा थर येतो. डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी काढून बघा, तिच्यावरही ऑइल दुधाळ आहे का, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) बाहेर कुठे न गळता कमी होतंय का, सकाळी स्टार्ट केल्यावर गोडसर वासाचा पांढरा धूर बराच वेळ येतो का. हे तिन्ही असेल तर गॅस्केट गेलंच समजा. कंपनीच्या सर्विस सेंटरला टोचन करून न्या, कॉम्प्रेशन टेस्ट (इंजिनात दाब टिकतो का ते बघतात) करून घ्या आणि रिपोर्ट लेटरहेडवर तारखेसकट मागा. तोंडी मत कुठेच चालत नाही.

बाकी खरं सांगू का, नऊ-दहा वर्षांच्या गाडीत क्लच, बॅटरी, सस्पेन्शनची बुश हे सगळं झिजणारच, त्यासाठी कोणी भांडायला गेला तर मी डीलरच्या बाजूने बोलेन. पण १९ दिवसांत गॅस्केट म्हणजे गाडी आधीही गरम झालेली असणार असा माझा अंदाज.

लोकमान्यनगरची_वहिनी:
सर्विस सेंटरला जाताय तर गाडीची जुनी सर्विस हिस्ट्री पण मागा, आरसी तुमच्या नावावर झाली असेल तर देतात. आमच्या गाडीत तिथेच कळलं, तीन वर्षांपूर्वी सर्विसला आली तेव्हा मीटर ८८ हजार आणि आम्ही घेतली तेव्हा ६१!! आमचं दुर्दैव असं की आम्ही गाडी ओळखीतल्या माणसाकडून घेतली होती, तो काही गाड्यांचा धंदा करत नाही, त्यामुळे वकील म्हणाले ग्राहक आयोगात हे बसत नाही, फसवणुकीचा दिवाणी दावा लावा. दोन्ही घरचे बोलणं बंद, दावा काही लावला नाही. तुमचा तर दुकान टाकून बसलेला डीलर आहे, सोडू नका.

कोर्टाची_पायरी:
वहिनी म्हणाल्या तो फरकच सगळ्यात मोठा आहे. विकणारा धंदेवाईक असेल तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा लागतो, माल जुना असला तरी. फक्त गाडी टॅक्सीला वगैरे लावण्यासाठी घेतलेली नको, स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतःच चालवत असाल तर तेही चालतं. "जैसी है वैसी" ही ओळ त्याला झिजलेल्या टायरसाठी वाचवेल, खोटं बोलून विकण्यासाठी नाही. इंजिनला पाना लागला नाही, ५४ हजार चालली, हे व्हॉट्सअ‍ॅपवर कुठे लिहिलंय का बघा, त्याची ऑनलाइन जाहिरात अजून असेल तर आजच स्क्रीनशॉट घ्या, उद्या डिलीट होईल.

"मी मधला माणूस" हे पण फार टिकत नाही. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकृतता घ्यावी लागते, आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंद पोर्टलवर झाली की मालक म्हणून जबाबदारी त्याच्यावर येते. अधिकृतता नसेल तर तेही नोटिशीत लिहा. आणि पैसे त्याच्या खात्यात गेलेत, मग मधला कसला.

आता करायचं काय तर आधी स्पीड पोस्टाने नोटीस, १५ दिवसांची मुदत, दुरुस्तीचा खर्च द्या किंवा गाडी परत घ्या. सोबत १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाका, कधीकधी तेवढ्यानेच समोरचा नरम पडतो. नाहीच तर जिल्हा आयोग, आणि उज्जैनला खेटे घालायची गरज नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात म्हणजे इंदूरलाच दाखल होतं. ५० लाखांपर्यंतची किंमत जिल्हा आयोगातच, ५ लाखांपर्यंत फी शून्य, वकील सक्तीचा नाही, ग्राहक तक्रारींच्या सरकारी ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या भरता येतं. तक्रार दाखल करायची मुदत दोन वर्षं. कायद्यात निकाल ३ महिन्यांत, तपासणी लागली तर ५ महिन्यांत असं आहे, पण तेवढ्यात होईल असं धरून बसू नका.

रामबागवाला:
सगळ्यांचे आभार. अपडेट देतो. डिपस्टिकवर पण तेच, चहात साय ढवळल्यासारखं. सर्विस सेंटरने हिस्ट्री काढली, २०२१ ला ७१ हजार किलोमीटर आणि रेडिएटर बदललेला!! म्हणजे गाडी तेव्हाच तापत होती. डीलरला फक्त त्या कागदाचा फोटो पाठवला, एक शब्द लिहिला नाही. दहा मिनिटांत फोन, "अरे सर आप तो नाराज हो गए", अर्धा खर्च देतो म्हणतोय. आई म्हणते घेऊन टाक. मी आज नोटीस टाईप करायला बसलोय.

जुना_मिस्त्री:
अर्ध्यावर मानू नका. आणि जे काही ठरेल ते लिहून घ्या, या वेळी बारीक अक्षरं वाचून.