पेन ड्राइव्हमधल्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेत, फॉरमॅट मारू का?

कोरीपाटी: घरचा पीसी, विंडोज १०. झेरॉक्सच्या दुकानातून पेन ड्राइव्ह आणल्यापासून आतल्या सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेत. डबल क्लिक केलं की फोल्डर उघडतो, त्यामुळे आधी लक्षातच आलं नाही. आता कोरा पेन ड्राइव्ह लावला तरी त्यातही तेच होतं. डिफेंडरच्या (विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस) क्विक स्कॅनला काही सापडत नाही. आईचे पेन्शनचे कागद आत आहेत.

रात्रपाळी: फॉरमॅट नको. कागद जागेवरच आहेत, फक्त हिडन आणि सिस्टिम हे दोन्ही अ‍ॅट्रिब्यूट लावून लपवलेत. कोरा ड्राइव्हही बिघडतो याचा अर्थ व्हायरसची स्क्रिप्ट (आज्ञांची छोटी फाइल) पीसीवर आत्ता चालू आहे. म्हणून आधी पीसी, मग पेन ड्राइव्ह. उलट केलंत तर शॉर्टकट काही सेकंदांत परत हजर.

इंटरनेट काढा. एका शॉर्टकटवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि टार्गेटची ओळ शेवटपर्यंत वाचा. खोका लहान असतो, कर्सर उजवीकडे सरकवत न्या. आधी सीएमडी (आज्ञा टाइप करायची विंडोजची काळी खिडकी), मग डब्ल्यूस्क्रिप्ट (स्क्रिप्ट चालवणारा विंडोजचा प्रोग्रॅम), मग एखादं विचित्र नाव डॉट व्हीबीएस (हीच ती स्क्रिप्ट), आणि शेवटी तुमचा फोल्डर उघडायची आज्ञा, असं काहीसं असेल. ते विचित्र नाव लिहून घ्या. टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये डब्ल्यूस्क्रिप्ट डॉट ईएक्सई दिसेल, ते एंड टास्क करा. मग त्याच नावाची फाइल अ‍ॅपडेटा\रोमिंग, टेम्प आणि स्टार्टअप फोल्डरमध्ये शोधून उडवा. रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंगांची नोंदवही) 'रन' की आणि टास्क शेड्यूलरही बघा, आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टी तिथेही असतात. यातलं एक जरी राहिलं तरी रीस्टार्टनंतर सगळं पुन्हा सुरू.

चिमटा: टार्गेटमध्ये डब्ल्यूस्क्रिप्टऐवजी रनडीएलएल३२ किंवा एमएसआयएक्झेक (हेही विंडोजचेच प्रोग्रॅम) असेल तर हाताने शोधत बसू नका. डिफेंडरच्या स्कॅन ऑप्शन्समध्ये ऑफलाइन स्कॅन आहे, तो लावा. पीसी रीस्टार्ट होतो, विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते, साधारण १५ मिनिटं लागतात. त्याआधी डिफेंडरची एक्सक्लुजन्सची (स्कॅनमधून वगळलेल्या जागांची) यादी उघडा. तिथे सी ड्राइव्ह किंवा अ‍ॅपडेटा दिसलं आणि ते तुम्ही घातलेलं नसेल, तर क्विक स्कॅन गप्प का होता ते कळलंच. शिवाय क्विक स्कॅन पेन ड्राइव्हकडे बघत नाही, त्याला राइट क्लिक करून वेगळा स्कॅन द्यावा लागतो.

कोरीपाटी: व्हीबीएसच निघाली, स्टार्टअपमध्ये होती. उडवली, ऑफलाइन स्कॅनही झाला. रीस्टार्टनंतर टास्क मॅनेजरमध्ये काही नाही. पेन ड्राइव्हचं काय?

रात्रपाळी: लावा, पण शॉर्टकटला हात लावू नका. एक मिनिट थांबा. नवे शॉर्टकट झाले नाहीत तर सीएमडी उघडून ही ओळ इंग्रजी अक्षरांत टाइप करा (एफच्या जागी तुमच्या ड्राइव्हचं अक्षर):

अ‍ॅट्रिब -एच -आर -एस /एस /डी एफ:\*.*

फोल्डर परत दिसतील. कधीकधी सगळा माल बिननावाच्या एका फोल्डरात ढकललेला असतो. नाव रिकामं वाटतं, पण तिथे न दिसणारं एक अक्षर असतं. कागद पीसीवर कॉपी करा आणि उघडून पाहा. त्यानंतरच ड्राइव्ह फॉरमॅट करायला हरकत नाही.

चिमटा: पासवर्ड विसरू नका. या जातीतल्या काही व्हीबीएस, उदाहरणार्थ २०१३च्या सुमाराची हुदिनी, नुसते शॉर्टकट करत नाहीत, बाहेरून पीसी चालवायला दार उघडून देतात. बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड मोबाइलवरून बदला, या पीसीवरून नाही. खात्यातून पैसे गेलेले दिसले तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३०वर फोन.

कोरीपाटी: ऑटोरन (ड्राइव्ह लावताच आतला प्रोग्रॅम आपोआप चालणं) बंद केलं की पुढे होणार नाही ना?

रात्रपाळी: २०११च्या अपडेटनंतर विंडोज पेन ड्राइव्हवरचं ऑटोरन चालवतच नाही. म्हणूनच तर हे शॉर्टकट आले: ऑटोरनचं काम आता तुमचं बोट करतं. फाइल एक्स्टेन्शन्स (नावामागचं डॉट व्हीबीएस, डॉट पीडीएफ वगैरे) दिसतील असं सेटिंग ठेवा आणि फोल्डरच्या चिन्हावर छोटा बाण दिसला की थांबा. शिवाय विंडोज १०चा मोफत सपोर्ट ऑक्टोबर २०२५मध्ये संपला, तेही बघा.

झेरॉक्सवाल्याला पीडीएफ ईमेल करणं सगळ्यात सोपं. त्याला ड्राइव्हच हवा असेल तर कार्ड रीडरमध्ये एसडी कार्ड घालून न्या. मोठ्या एसडी कार्डाच्या कडेला लॉकची खुंटी असते, ती खाली केली की बहुतेक रीडर कार्डावर काही लिहू देत नाहीत. घरी आधी एखादी फाइल कॉपी करून बघा, स्वस्तातले काही रीडर ती खुंटी जुमानत नाहीत.