दोन वूफरचे स्पीकर आणि सबवूफर यांचा मेळ कसा बसवावा? सल्ला हवा

अमळनेरकर
राम राम मंडळी. हाय-फाय स्पीकरची जोडी घरीच बनवायची ठरवलंय. प्रत्येक बॉक्समध्ये साडेसहा इंची दोन वूफर (खर्जाचे) आणि एक ट्विटर (उंच सुरांचा). वूफर 8 ओहमचे आहेत, घेऊन झालेत. डेटाशीटवर एफएस (वूफर मोकळा असताना स्वतः घुमतो तो सूर) 42 हर्ट्झ, क्यूटीएस (ती घुमण किती रेंगाळते त्याचा आकडा) 0.37, व्हीएएस (वूफरच्या लवचिकतेइतकी हवा) 26 लिटर. आवाज 35 हर्ट्झपर्यंत खाली जावा म्हणून पोर्टवाला (हवेसाठी नळी असलेला) उंच टॉवर करायचा विचार आहे, आणि पुढे एक 15 इंची सब, म्हणजे फक्त खोल खर्जाचा सबवूफर. खोली 15 बाय 11 फूट, वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी. एव्ही रिसीव्हर आहे.

ऐकणं मुख्यतः शास्त्रीय गायन आणि तबला, श्रावणात आईसाठी कानबाईची गाणी. आम्ही खाली गादीवर बसून ऐकतो. गावाकडचं धाब्याचं घर उतरवलं त्याचं सागवान पडून आहे, बॉक्स त्याचेच करीन म्हणतो. आत भरायला घरचा कापूस चालेल का?

कॉइलवाला, जळगाव
भाऊ, सब घेणारच आहेस तर पोर्टचा नाद सोड. बंद बॉक्स कर. तुझे वूफर त्यासाठीच जन्मल्यासारखे आहेत, हिशोब करून बघ. बंद बॉक्सला क्यूटीसी (बॉक्समध्ये बसवल्यावरचा तोच क्यू) 0.707 धरतात. 0.707 ला 0.37 ने भागलं की 1.91 येतात, त्याला 42 ने गुणलं की 80 हर्ट्झ. म्हणजे बॉक्स बरोबर 80 ला उतरायला लागेल. आता 1.91 चा वर्ग 3.65, त्यातून 1 वजा केला की 2.65. 26 लिटरला 2.65 ने भाग, एका वूफरला 9.8 लिटर आले. दोघांना मिळून 20 लिटर पुरे, उंच टॉवर लागतच नाही.

यातली खरी मजा पुढे आहे. रिसीव्हरमध्ये स्पीकर ‘स्मॉल’ करून 80 हर्ट्झ ठेवलं, म्हणजे त्याखालचं काम सबला दिलं, की बहुतेक रिसीव्हर स्पीकरला दर सप्तकाला 12 डीबीचा (डीबी म्हणजे आवाजाच्या पातळीचं माप) उतार देतात आणि सबला 24 डीबीचा. बंद बॉक्सचा स्वतःचा उतार 12 डीबीचा असतो. 12 आणि 12 मिळून 24, म्हणजे दोन्ही बाजूंनी सारखाच, लिंकविट्झ-रायली पद्धतीचा (दोन स्पीकर सांधायची एक रीत) उतार मिळतो आणि दोन्ही आवाज एकाच फेजमध्ये, म्हणजे लहरींचे चढउतार जुळून, येऊन मिळतात. पोर्टवाल्या बॉक्सचा उतार आधीच 24 चा, त्यावर रिसीव्हरचे 12, आणि पोर्टजवळ फेज गरगर फिरते ती वेगळीच. मग कितीही नॉब फिरवा, सांधा दिसतोच.

35 हर्ट्झची हौस सबला भागवू दे. दोन वूफरचं काम वेगळं आहे. 9 इंच रुंद फळी धरली तर साधारण 500 हर्ट्झच्या खाली आवाज बॉक्सला वळसा घालून मागे जायला लागतो आणि समोर 6 डीबीपर्यंत कमी पडतो. त्यामुळे एका वूफरचा स्पीकर पातळ वाजतो. दुसरा वूफर नेमकी ही तूट भरतो. त्याला एकच मोठी कॉइल (उंच सूर अडवणारं तारेचं वेटोळं) लाव, सुरुवात 3.2 मिलिहेन्रीपासून कर (8 ओहमला ती 400 हर्ट्झच्या आसपास कापते), मग मापून कमी-जास्त कर. वरचा वूफर मात्र ट्विटरपर्यंत जाऊ दे. याला अडीच-वे म्हणतात.

ट्विटर दोन वूफरच्या मध्ये घेऊ नकोस. त्या रचनेत दोन्ही वूफर ट्विटरपर्यंत वाजतात, आणि 2500 हर्ट्झला लहर असते जेमतेम 14 सेंटीमीटरची. तुम्ही गादीवर बसणार, कोणी दिवाणवर बसणार. उंची बदलली की दोन्ही वूफरपासून कानाचं अंतर कमी-जास्त होऊन आवाज बदलेल.

कॉइलच्या बाबतीत माझा अनुभव. पहिल्या जोडीला मी दुकानातून आणलेली बारीक तारेची कॉइल लावली. बास ढब्ब यायचा, तबल्याचा बायाँ (डग्गा) म्हणजे पिंप बडवल्यासारखा. महिनाभर बॉक्सला दोष देत बसलो. शेवटी मीटर लावला तर कॉइलचाच रोध 2.2 ओहम! तेवढा रोध वूफरच्या वाटेत आला की क्यूटीएस वाढतो आणि सगळा हिशोब कोलमडतो. मग पंपाच्या मोटरी रिवाइंड करणाऱ्याकडे गेलो, 18 गेज तांब्याची तार घेतली आणि त्याच्याच मशीनवर गुंडाळली. रोध पाऊण ओहमच्या आत आला आणि त्याच बॉक्समध्ये बायाँची मींड वेगळी ऐकू यायला लागली. आपल्याकडे रिवाइंडिंगवाला गावोगावी आहे, कॉइल विकत घेऊच नका.

एक जपायचं. दोन 8 ओहम समांतर जोडले की 4 ओहम होतात. रिसीव्हरच्या पाठीमागे किती ओहम लिहिलंय ते बघ. मे महिन्यात त्याला बंद कपाटात कोंडू नकोस.

सुतारकाम, धुळे
सागवानाच्या रुंद फळ्यांचा बॉक्स करू नका आप्पा, मी करून बसलोय. एप्रिल-मेमध्ये लाकूड आकसतं, पावसाळ्यात फुगतं, सांधे उघडतात. बंद बॉक्सला हवा गळून चालत नाही. बॉक्स 18 मिमी चांगल्या प्लायचा करा, आत मधोमध एक आडवी पट्टी द्या, आणि धाब्याचं सागवान कडांना वापरा. ते जुनं लाकूड पॉलिश केल्यावर जे दिसतं त्याला तोड नाही.

कापूस नको. पिंजून भरला तरी वर्षभरात तळाशी बसतो, किडे लागतात, आणि क्रॉसओव्हरचे (वूफर-ट्विटरला सूर वाटून देणाऱ्या सर्किटचे) रेझिस्टर तापतात, त्यांच्याजवळ कापूस धोक्याचा. उशीत भरतात तो पॉलिस्टरचा तंतू मोकळा करून भरा.

पाचोऱ्याहून
सबबद्दल मी सांगतो, कारण त्याच्यावर दोन वर्षं घालवलीत. एका 15 इंचीऐवजी 10 इंची दोन घ्या. 15 फूट लांबीच्या खोलीत 37-38 हर्ट्झला आवाज साचतो, 11 फूट रुंदीमुळे 51 ला. एक सब कोपऱ्यात ठेवला की दोन्ही फुगतात, आणि तुम्ही खोलीच्या मधोमध बसलात तर तेच सूर गायब होतात. दोन सब घ्या, एक पुढच्या भिंतीच्या मध्यावर, दुसरा समोरासमोर मागच्या भिंतीच्या मध्यावर, दोघांना सारखाच सिग्नल. लांबीचा पहिला मोड (भिंतींमध्ये साचणारा तो सूर) दोन सब मिळून खोडतात, आणि रुंदीचा मोड मध्यावरून चेततच नाही. हरमन कंपनीत टॉड वेल्टी यांनी यावर पद्धतशीर काम केलंय. राहतो तो 75 चा दुसरा मोड. त्यासाठी गादी मागच्या भिंतीपासून तिसऱ्या हिश्श्यावर, म्हणजे 5 फुटांवर टाका.

सांधा जुळवायची खात्रीची रीत: सबची पोलॅरिटी (अधिक-उणे दिशा) मुद्दाम उलटी करा, 80 हर्ट्झचा सूर लावा आणि रिसीव्हरमध्ये सबचं अंतर थोडंथोडं बदला. आवाज जिथे सगळ्यात जास्त पडेल तिथे थांबा आणि पोलॅरिटी परत सुलटी करा. टेपने मोजलेल्या अंतरावर अडून बसू नका. सबच्या आतल्या फिल्टरमुळे आवाज उशिरा निघतो, म्हणून आकडा बहुधा जास्तच येतो. माईक असेल तर मोजायला रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट आहे.

साचणारा सूर दाबायला ईक्यूने (सुरांची पातळी बदलणाऱ्या फिल्टरने) केलेला खड्डा फार अरुंद ठेवू नका. डिसेंबरात खोली 15 अंशांवर असते, मेमध्ये 40 वर. गरम हवेत आवाज जोरात पळतो, त्यामुळे 51 चा मोड उन्हाळ्यात 53 वर जातो. थंडीत बसवलेला अरुंद ईक्यू मेमध्ये चुकीच्या जागी बसतो.

अमळनेरकर
सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितोय, कारण आधी बनवून बघायचं होतं. प्लायचे बंद बॉक्स झाले, आतून 20 लिटर, कडांना सागवान. कॉइल रिवाइंडिंगवाल्याकडूनच. मापून 3.2 ची 2.7 केली, आमच्या खोलीत आवाज जरा जाड होत होता.

सब सध्या एकच आलाय, पुढच्या भिंतीच्या मध्यावर ठेवलाय. उलट्या पोलॅरिटीची रीत रात्री केली. टेपने 10 फूट होतं, आवाज पडला 14 फुटांवर. त्या जागी 80 चा सूर इतका नाहीसा झाला की आईने आतून विचारलं, लाइट गेली का रे? पोलॅरिटी सुलटी केली आणि विलंबित ठेका लावला. बायाँ दोन्ही स्पीकरच्या मधून आला, सब कुठे ठेवलाय ते कानाला कळत नव्हतं.

दुसरा सब पोळ्यानंतर घेतो. मागच्या भिंतीच्या मध्यावर दार आहे, सब दीड फूट बाजूला सरकवावा लागेल. पाचोऱ्याच्या दादांनी एवढं सांगावं, पुढचाही तेवढाच सरकवू का, आणि कोणत्या बाजूला?