दुकानाचे मेल स्पॅममध्ये जातात, डोमेन ऑथेंटिकेशन कुणाकडून करून घेऊ? (बजेट १५०० रुपये)

शहापूर_कुंदा: मंडळी, आमचं बेळगावात कुंदा-करदंट मिठाईचं दुकान आहे. पुण्या-मुंबईला पार्सल जातं. जुन्या गिऱ्हाइकांचे १८०० मेल पत्ते साठलेत. गणपतीच्या आधी एका फुकटातल्या सेवेवरून ऑफरचा मेल टाकला, पाठवणारा म्हणून दुकानाचा जीमेलचा पत्ता दिला. बहिणीच्या फोनवर बघितलं तर मेल स्पॅममध्ये, लॉटरीवाल्यांच्या शेजारी. दुकानाचं स्वतःचं डोमेन (इंटरनेटवरचं नाव) आहे, पण त्यावरून दादा बिलं पाठवतो. मेल खरंच आपल्या डोमेनचा आहे हे पटवायला एसपीएफ (कुठल्या सर्व्हरना पाठवायची परवानगी आहे त्याची यादी), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही), डीमार्क (यातलं एकही जुळलं नाही तर मेलचं काय करायचं तो नियम) करा म्हणतात. दिवाळीच्या आत पाहिजे. १५०० च्या वर एक पैसा नाही.

उद्यमबाग_कास्टिंग: १५०० मध्ये काय होतंय वो. आम्ही ऑफिसातल्या दहाही जणांना गूगल वर्कस्पेस (गूगलची पैसे भरून घ्यायची ऑफिस मेल सेवा) घेतलंय. जर्मनीच्या पार्टीला कोटेशन पाठवलं की थेट इनबॉक्समध्ये. घेऊन सोडा.

पुण्यातली_बेळगावकर: तुम्ही दिवसाला चार कोटेशन पाठवता. ते १८०० लोकांना ऑफर पाठवणार. त्याचा इथे काय संबंध?

निपाणी_नाका: मेल कोण वाचतंय आता? व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. माझ्या मेव्हण्याचं सगळं त्यावरच चालतं.

खानापूर_रोड: माणूस लावायची गरजच नाही, संध्याकाळचं काम आहे. जीमेलचा पत्ता दाखवून दुसऱ्याच्या सर्व्हरवरून पाठवलं की मेळ बसत नाही, तिथंच तुमचं अडलंय. पत्ता स्वतःच्या डोमेनचा द्या. मेल सेवेच्या सेटिंगमध्ये डोमेन टाकलं की ती दोन-तीन रेकॉर्ड देते. ती डीएनएसमध्ये (डोमेनची नोंदवही) टाकायची, म्हणजे डोमेनचे नेमसर्व्हर (ती नोंदवही सांभाळणारे सर्व्हर) जिकडं दाखवतात तिकडं. मी डोमेन एकीकडं घेतलेलं, नेमसर्व्हर होस्टिंगकडं. दोन दिवस चुकीच्या पॅनेलमध्ये रेकॉर्ड टाकत बसलो आणि "व्हेरिफाय होत नाही" म्हणून सपोर्टशी भांडलो.

आणखी एक. नावाच्या रकान्यात पूर्ण नाव लिहू नका. बरीच पॅनेलं डोमेन स्वतः जोडतात, मग ते दोनदा लागतं.

वडगाव_साडी: एसपीएफ एका डोमेनला एकच! आमच्या पोरानं जुनं तसंच ठेवून दुसरं टाकलं, दोन्ही बाद. नवीन सेवेचं इनक्लूड (तिच्या सर्व्हरनाही परवानगी देणारा तुकडा) जुन्याच ओळीत घालायचं. आणि त्या ओळीतून दहाच्या वर डीएनएस लुकअप (डीएनएसकडं चौकशा) होऊ द्यायचे नाहीत.

उद्यमबाग_कास्टिंग: वर्कस्पेसमध्ये ही कटकट नाही.

खानापूर_रोड: आहे की. तिथेही डीकेआयएमची चावी आपणच काढून डीएनएसमध्ये टाकायची. तुमच्या कुणीतरी टाकली असेल.

चिकोडी_हिशेब: डीमार्क जपून. मी जोशात थेट पी=रिजेक्ट (न जुळणारा मेल नाकारा) केलं. बिलिंग सॉफ्टवेअरमधून जाणाऱ्या पावत्या कुणालाच पोचेनात, आणि तो मार्चचा शेवटचा आठवडा! पार्टी म्हणते पावती नाही, मी म्हणतो पाठवली. दादाची बिलं त्याच डोमेनवरून जात असतील तर आधी पी=नन (काही अडवू नका) ठेवा, रिपोर्ट येऊ द्या, कोण कोण आपल्या नावानं पाठवतंय ते कळतं.

निपाणी_नाका: ते ५००० चं काय होतं? त्याखाली असलं की काही नको म्हणे.

खानापूर_रोड: चूक. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला दिवसाला ५००० च्या वर पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्ही लागतात आणि एका क्लिकवर अनसबस्क्राइबही. त्याखालच्यांनाही एसपीएफ किंवा डीकेआयएम यातलं एक हवंच. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्याच्या आत ठेवा. १८०० मध्ये सहा जणांनी बटण दाबलं की गेलात वर. ऑफरसाठी त्याच डोमेनचं सबडोमेन (डोमेनच्या आधी एक शब्द जोडून केलेलं नाव) करा, फुकट होतं.

वडगाव_साडी: सबडोमेनच. आणि दोन एसपीएफ नकोत, परत सांगतो.

निपाणी_नाका: डोमेनमध्ये बेळगाव आहे की बेळगावी? २०१४ ला नाव बदललंय.

पुण्यातली_बेळगावकर: आम्ही बेळगावच म्हणणार.

निपाणी_नाका: तुम्ही म्हणा वो, गूगलवर पोरं बेळगावी टाकून शोधतात.

चिकोडी_हिशेब: धागा मेलचा आहे.

शहापूर_कुंदा: सगळ्यांचे आभार. दादानं डीएनएसला हात लावू दिला नाही, "बिलं थांबली तर दुकानात येऊ नको" म्हणाला. सबडोमेनलाही नाही. म्हणून नवीन डॉट इन डोमेन घेतलं, नावात बेळगावी. निपाणीकर खूश व्हा.

खानापूर_रोड: नवीन डोमेनला पत काहीच नसते. १८०० एकदम पाठवू नका. आणि गिऱ्हाईक नवं नाव बघून दुसराच कुणी समजेल. सबडोमेनच बरं होतं.

उद्यमबाग_कास्टिंग: सांगितलं होतं वर्कस्पेस घ्या.

शहापूर_कुंदा: केलं. मेल सेवेनं दिलेल्या सीनेम रेकॉर्डच्या शेवटी एक टिंब जास्त पडलेलं, त्यात तासभर गेला. जीमेलमध्ये "शो ओरिजिनल" उघडून बघितलं, तिन्हीपुढं पास. आज नेहमीच्या ५० गिऱ्हाइकांनाच पाठवलाय, रोज थोडे वाढवतो. बहिणीकडं प्रमोशन्समध्ये पडला. स्पॅम नाही, बास. डोमेनचे पैसे सोडून खर्च शून्य.

पुण्यातली_बेळगावकर: अय्या, हे तुम्ही होय? मलाही आला. अनसबस्क्राइबचं बटण ठळक दिसलं, अर्ध्या किलोचा भाव मात्र कुठेच नाही.