कोर्टाने ठरवायचं की मतदारांनी? सोसायटी ग्रुप, रात्री दहानंतर

कुलकर्णी काका: काल खाली विषय निघाला, मला बोलू दिलं नाही, म्हणून इथे लिहितोय. समलिंगी विवाह हा सगळ्या समाजाचा प्रश्न आहे. निवडून न आलेले पाच न्यायाधीश तो कसा ठरवणार? मतदान घ्या, विषय संपला.

नेहा: काका, त्या पाच जणांनी काही ठरवलंच नाही! सुप्रीम कोर्टाचा १७ ऑक्टोबर २०२३ चा निकाल बघा. कायदा करायचा तर संसदेने करावा, म्हणून मोकळे झाले. तुमच्या मनासारखं होऊनही तुम्ही चिडलेलेच.

सावंत: 😂😂

सेक्रेटरी: नम्र विनंती. ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी आहे.

सावंत: आणि रोज सकाळचे सुविचार?

कुलकर्णी काका: मुद्दा तत्त्वाचा आहे. निवडून न आलेले पाच न्यायाधीश कसे ठरवणार?

गोखले वहिनी: संसद वेगळी, सार्वमत वेगळं. आपल्या घटनेत देशभर सार्वमत घ्यायची तरतूदच नाही. आयर्लंडने २०१५ मध्ये घेतलं, कारण तिथे घटना बदलायला लोकांना विचारावंच लागतं. ६२ टक्के बाजूने पडले. तैवानची गंमत बघा. २०१७ ला कोर्टाने असे विवाह कायदेशीर करायला दोन वर्षांची मुदत दिली, २०१८ ला सार्वमत विरोधात गेलं, २०१९ ला संसदेने नागरी संहितेला हात न लावता वेगळा कायदा केला. आता कोणी ठरवलं म्हणाल?

कुलकर्णी काका: म्हणजे लोकांचं ऐकलं नाहीच.

साने काकू: मी सहसा लिहीत नाही. एकट्या मुलांना फ्लॅट भाड्याने द्यायचा नाही, असा ठराव आपण हात वर करून केला. ज्यांच्याबद्दल होता त्यांच्यातलं सभेत कोणीच नव्हतं.

देशमुख: काकू, तो ठराव सुरक्षेसाठी होता. जुनं उकरून काढू नका, प्लीज.

नेहा: २०१३ मध्येही कोर्टाने कलम ३७७, म्हणजे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम, संसदेवरच सोडलं होतं. पाच वर्षं पान हललं नाही. शेवटी २०१८ ला तो गुन्हा नाही असा निकाल कोर्टालाच द्यावा लागला. किती थांबायचं?

देशमुख: पण कोर्टाने दिलेलं कोर्ट काढूनही घेतं. अमेरिकेत गर्भपाताचं २०२२ मध्ये तेच झालं. लोकांना पटवून मिळवलेलं जास्त टिकतं. काकांचं अगदीच चुकीचं नाही.

सावंत: देशमुखसाहेब, पार्किंगबद्दल आम्हाला कधी पटवताय?

देशमुख: सावंत, मर्यादा पाळा.

सावंत: बरं, पोल टाकलाय. कोर्ट की मतदार? सगळ्यांनी मत द्या.

गोखले वहिनी: कोर्ट ११, मतदार ७.

कुलकर्णी काका: यात भाडेकरूंची मतं कशी धरली? ती वगळा.

नेहा: काका!!

कुलकर्णी काका: नियम म्हणजे नियम. सेक्रेटरींनी निर्णय द्यावा.

सावंत: सेक्रेटरी निवडून आलेत का पण? बिनविरोध होते ना?

सेक्रेटरी: पोल डिलीट केला आहे. ज्यांचा मेंटेनन्स बाकी आहे त्यांनी कृपया भरावा.