चित्रपटातील सुपरहिरोचा पोशाख खरा कसा वाटेल?

प्रश्न: चित्रकथेत शोभून दिसणारा भडक, अंगाला घट्ट बसणारा पोशाख पडद्यावर हमखास नाटकी वाटतो, तो विश्वसनीय व्हावा यासाठी सुरुवात कोठून करावी?

पहिले उत्तर: कापडापासून. साध्या स्पॅन्डेक्सची (ताणल्या जाणाऱ्या कृत्रिम कापडाची) चकाकी कॅमेऱ्यासमोर लपत नाही, म्हणून त्यावर बारीक उठावदार नक्षी छापतात, रंग थोडे उतरवतात आणि कोपर, गुडघे व शिवणींवर मुद्दाम मळकटपणा आणतात.

दुसरे उत्तर: माझ्या मते हालचाल अधिक महत्त्वाची आहे. २००८ च्या ‘द डार्क नाइट’ चित्रपटासाठी वेशभूषाकार लिंडी हेमिंग यांनी बॅटमॅनचे शिरस्त्राण मानेपासून वेगळे केले, तेव्हा कुठे त्याला मान मोकळेपणाने वळवता आली.

प्रश्नकर्ता: आणि खांद्यांवरून पाठीमागे लहरणारी केप?

दुसरे उत्तर: कथेत तिचे काम नसेल तर खुशाल वगळावी, मारामारीत ती पायांतच येते.