पहिलाच खाऱ्या पाण्याचा टँक, कॅनिस्टर ठेवू की संप करू?

शनिवारपेठी_गप्पी

नमस्कार मंडळी. गोड्या पाण्यातले मासे गेली सहा वर्षं पाळतोय, गप्पी, एंजल, मधे एक ऑस्कर होता तो वाढून वाढून शेवटी मित्राच्या मोठ्या टँकमध्ये गेला. आता दोन क्लाउनफिश डोक्यात बसलेत ते काही केल्या जात नाहीत. टँक ३ फूट बाय दीड बाय दीड, म्हणजे १९० लिटरच्या आसपास. कोरल नको, फक्त मासे आणि दगड. माझ्याकडे ताशी हजार लिटरचा कॅनिस्टर (टँकबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) पडून आहे. एक दुकानदार म्हणाला हाच लावा, वरून पाण्यातले जंतू मारणारा यूव्ही दिवा घ्या, झालं काम. दुसरा म्हणाला संप (टँकखालची दुसरी टाकी, वरचं पाणी तिच्यात उतरून पंपाने परत वर जातं) करणार नसाल तर खाऱ्या पाण्याच्या नादाला लागूच नका. आता दोघंही बोलताना आपापल्या शेल्फकडे बघत होते त्यामुळे विश्वास कुणावर ठेवायचा कळेना. बजेट टँक-स्टँड सोडून पंचवीस हजार (घरी वीस सांगितलंय). पुणे, भाड्याचं घर, तिसरा मजला. काय करू?

खारट_ठाणेकर

दोघंही अर्धं अर्धं खरं बोललेत. गोड्या पाण्यात फिल्टर म्हणजे तो डबा असं आपल्याला वाटतं, खाऱ्यात मुख्य फिल्टर म्हणजे दगड. अमोनियाचा नायट्राइट आणि नायट्राइटचा नायट्रेट करणारे बॅक्टेरिया सच्छिद्र दगडात राहतात, तुमच्या टँकला १५-२० किलो दगड घ्या आणि त्याच्यावरून पाणी जोरात फिरलं पाहिजे. त्यासाठी दोन वेव्हमेकर (टँकच्या आत लावायचे, पाणी ढकलणारे छोटे पंप). सगळं मिळून टँकचं पाणी तासाला दहा-पंधरा वेळा हललं पाहिजे, कॅनिस्टरने एकट्याने ते होत नाही.

दगड सुका किंवा सिरॅमिकचा घ्या. कुणी "ओरिजिनल कोरल रॉक आहे साहेब" म्हणून कोपऱ्यात नेऊन दाखवला तर निघा तिथून, कोरल २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या अनुसूची एकमध्ये आहे, मेलेलं असलं तरी.

दुसरा पैसा स्किमरवर घाला. यूव्हीवर नको, निदान आत्ता नको. स्किमर बारीक बुडबुड्यांचा फेस करतो, माशांची घाण, उरलेलं खाणं, सगळं सेंद्रिय त्या बुडबुड्यांना चिकटून वरच्या कपात जमा होतं. म्हणजे घाण सडून अमोनिया व्हायच्या आधीच बाहेर. गोड्या पाण्यात बुडबुडे मोठे होतात आणि फुटतात, तिथे हे जमत नाही म्हणून आपल्याला त्याची सवय नसते. पहिल्यांदा कप भरला की कडक काळ्या चहासारखं काहीतरी दिसेल, वास घेऊ नका.

मिऱ्याबंदर

मी रत्नागिरीचा, तीन वर्षं झाली, संप नाही. कॅनिस्टर आणि टँकच्या मागे लटकवायचा स्किमर, दोन क्लाउन आणि एक गोबी मासा, मस्त चाललंय. पण एक सांगतो, कॅनिस्टरला लोक नायट्रेटची फॅक्टरी म्हणतात ते उगाच नाही. स्पंज भरून ठेवला आणि तीन महिने उघडलाच नाही तर आत घाण कुजत बसते. मी आतले स्पंज काढून टाकले, नुसता फिल्टर वूल (घाण अडवणारा कापसासारखा थर) ठेवतो, दर आठवड्याला बदलतो, आणि लागेल तेव्हा कार्बनची पिशवी. कंटाळा असेल तर कॅनिस्टर लावू नका, सरळ हिशोब.

आमच्याकडे समुद्राचं पाणी फुकट, तरी पावसाळ्यात आणत नाही, नदीचं पाणी मिसळून खारटपणा पार उतरतो. तुम्ही पुण्यात, तुम्हाला मीठच. लिटरला साधारण ३५ ग्रॅम धरा, पहिल्या भरणीला सहा-सात किलो जाईल. आणि ते आरओच्या पाण्यात, नळाच्या नाही. घरच्या आरओचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) तपासून घ्या, बऱ्याच मशीनमध्ये चवीसाठी थोडं कच्चं पाणी मिसळलेलं असतं.

रात्री_लाईट_गेली

कुणी लाईटबद्दल बोलेना म्हणून लिहितो. मागच्या मे महिन्यात वळवाच्या पावसात रात्री लाईट गेली ती पहाटे आली, पाच तास. माझा कॅनिस्टर बंद. आत पाणी कोंडलेलं, ऑक्सिजन संपला, बॅक्टेरिया मेले, आणि लाईट आल्यावर पंपाने ते सगळं नासकं पाणी थेट टँकमध्ये ओतलं. सकाळी उठलो तर एक मासा तळाला, दुसरा पृष्ठभागावर धापा टाकतोय. चूक माझीच, जास्त वेळ लाईट गेली की कॅनिस्टर उघडून, धुऊन मगच चालू करायचा हे माहीत नव्हतं. तेव्हापासून एक वेव्हमेकर इन्व्हर्टरवर आणि बॅटरीचा एअरपंप कपाटात तयार. संपवाल्यांनी हसू नये, त्यांचं वेगळं दुखणं असतं.

खारट_ठाणेकर

हो असतं ना, मीच भोगलंय 😄 पंप बंद पडला की रिटर्न पाइपातून (संपमधलं पाणी वर टँकमध्ये नेणारा पाइप) पाणी उलटं संपमध्ये येतं. ३ बाय दीड फुटाच्या टँकमध्ये एक सेंटीमीटर पाणी म्हणजे चार लिटरच्या वर. पाइपाचं तोंड चार सेंटीमीटर बुडालेलं असेल तर सोळा-सतरा लिटर खाली, तेवढी जागा संपमध्ये रिकामी हवी. माझ्या संपमध्ये नव्हती. खालच्या काकूंनी पहाटे बेल वाजवली. त्यानंतर पाइपाला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली बारीक भोक पाडलं, पातळी तिथवर आली की हवा ओढली जाते आणि सायफन तुटतो. ते भोक महिन्याला साफ करायचं, मिठाने बुजतं.

तरी संपचं सुख आहेच. स्किमर, हीटर सगळं खाली लपतं, पाणी जास्त मिळतं, आणि वाफ होऊन पातळी घटते ती खालच्या शेवटच्या कप्प्यात दिसते, टँकमध्ये नाही. हां, घटलेलं पाणी साध्या आरओने भरायचं, मिठाचं नाही, मीठ उडत नसतं.

शनिवारपेठी_गप्पी

बाप रे. खालच्या काकू आमच्याकडेपण आहेत आणि घरमालक त्यांचे भाऊ. टँक आधीच बनवून आणलाय, पाणी संपमध्ये उतरायला काचेला भोक नाही. आता भोक पाडता येईल का? की ते काठावर वरून अडकवायचे, सायफनने पाणी खाली सोडणारे ओव्हरफ्लो बॉक्स मिळतात ते लावू?

मिऱ्याबंदर

साधी काच असेल तर डायमंड बिटने रिकाम्या टँकला पडतं, टफन्ड असेल तर हात लावू नका, सगळी काच खळ्ळकन खाली. आणि तो लटकता बॉक्स भाड्याच्या घरात तर नकोच. त्याचा सायफन तुटला तरी खालचा पंप पाणी वर ढकलतच राहतो, मग टँक वरून वाहतो. भाऊ, घरमालकाचा विचार करा आणि या टँकला लटकता स्किमर, दगड, दोन वेव्हमेकर आणि आहे तो कॅनिस्टर रिकामा करून वूलसाठी. दर पंधरवड्याला वीस लिटर पाणी बदला. दोन क्लाउनना भरपूर झालं. स्किमर घेताना डब्यावर लिहिलेल्या लिटरवर जाऊ नका, तुमच्या टँकच्या दीडपट-दुपटीचा घ्या.

रात्री_लाईट_गेली

आणि मासे लगेच आणू नका. टँक चालू करून बाजारातली एक सोललेली कोलंबी आत टाका, ती सडून अमोनिया होईल, चार ते सहा आठवडे टेस्ट किट घेऊन बसा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की मगच. "आधी डॅमसेल मासे टाका, ते मरत नाहीत" असं दुकानात सांगतील. खरंच लवकर मरत नाहीत, आणि मग तुमच्या क्लाउनना जगू देत नाहीत.

शनिवारपेठी_गप्पी

ठरलं मग, संप नाही. लटकता स्किमर बघायला रविवारी जातो. कोलंबीचं घरी सांगितलं तर उत्तर आलं की एवढी महाग कोलंबी सडवायला आणणार असाल तर आधी आमच्यासाठी अर्धा किलो आणा. बजेटमध्ये धरतो.